भांगाची तारीख

जबाब सुरू झाला तेव्हा वीज गेलेली,
माझा लॅपटॉप चाळीस टक्क्यांवर.
वेंगुर्ल्याच्या कोर्टात मी स्टेनो, अकरा वर्षं.
लोक बोलतात ते मी लिहीत नाही.
मॅडम सांगतात ते लिहिते.

हर्षला मेथर, वय बत्तीस, धंदा मासेविक्री, राहणार निवती.
ती म्हणाली, "माका भिंतीर आपटल्यान."
मी लिहिलं : सामनेवाला यांनी अर्जदारास मारहाण केली.
ती म्हणाली, "मगे दार लावन घेतल्यान."
मॅडम थांबल्या. माझी बोटंही.

संरक्षण अधिकाऱ्याच्या अहवालात चौकोन असतात.
शारीरिक, शाब्दिक, आर्थिक : तिन्हींत खूण.
उरलेल्या एकात
पेनाचं टोक टेकवून उचलल्याचा निळा ठिपका.
चौकीवर तिला म्हणे सांगितलं होतं,
नवराच ना तो? नवऱ्याला तो शब्द लागत नाही.

"तुमका जो लावचो तो शब्द लावा," ती म्हणाली.
"माका त्याचा नाव ठावक नाय.
दार लावल्यान, इतक्याच म्हायत."

मग नाबर वकील उठले. तारीख सांगा.
"अष्टमीचो भांग. मार्गशीर्षातलो."
"भांग?" नाबर बाकांकडे वळून म्हणाले,
"कोण प्यायलं होतं, तो की तुम्ही?"
हशा. खिडकीतला माणूससुद्धा हसला,
ज्याची केस बांधाची होती.

मॅडम बीडकडच्या.
त्यांच्या गावी पाणी टँकरनं येतं, तेही दिवसाआड.
त्या हसल्या नाहीत.
निशाणी चौदा उचलून पाहिली : फोटो,
डोक्याचा, वरून घेतलेला,
जिथं भांग पाडतात तिथं
रुपयाएवढी जागा मोकळी.
"भांग म्हणजे?" त्यांनी तिलाच विचारलं.

"पाण्याक ओढ नसता तेव्हा, मॅडम.
उधाणाक दर्या भरान येता, होडयो जातत, तोय जाता.
भांगाक जाळ्यात कायेक गावणा नाय.
होडी वर
नि तो घरात.
म्हयन्याक दोन भांग. सात वर्सा झाली.
तारखो माका कित्याक व्हयेत?"

मॅडम सांगत होत्या, मी लिहीत होते :
अर्जदार यांना नेमकी तारीख आठवत नाही.
मग म्हणाल्या, खोडा ते.
लिहा, अर्जदार भरती-ओहोटीवरून दिवस सांगतात.
नाबर म्हणाले, हरकत.
हरकत नोंदवली.
दोन गुणिले बारा गुणिले सात
मी मनातच केलं. एकशे अडुसष्ट.
अधिक मास धरला नाही.

आदेशासाठी पुढली तारीख, अठरा.
तिनं अंगठा पेरांवरून फिरवला.
आमच्याकडच्या बायका मिठाचे खडेही तसेच मोजतात.
"त्या दिसाक भांग."

एवढंच बोलली.
या वेळी कुणी हसलं नाही. नाबर फाईलची गाठ सोडून
परत बांधू लागले.
सामनेवाला शेवटच्या बाकावर, इस्त्रीचा शर्ट,
त्यानं पहिल्यांदा मान वर केली
आणि मला दिसलं, हिशोब त्यालाही येतो.

मॅडमनी पेन खाली ठेवलं.
"मग उधाण कधी?"
उत्तर पट्टेवाल्यानं दिलं, जमिनीकडे बघत.
तो स्वतः गाबीत. "पुनवेक, मॅडम. पंचवीसला."

रोजनाम्यात मी लिहिलं :
तारीख बदलली. कारण, प्रशासकीय.
दुसरं कारण लिहायला तिथं रकाना नाही.
सहा टक्के.

तिला कोर्टात यायचा रस्ता
उधाणाचा मिळाला, हे चांगलंच झालं
असं मी एसटीत बसेपर्यंत समजत होते.

अठराला संध्याकाळी, कधी नव्हे ते, बंदरावर गेले.
होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या, सगळ्या.
पाणी जागचं हलत नव्हतं.
आदेश पंचवीसचा.